माठ, घाम आणि जर्सी: खान्देशात सायकल चालवताना अंगात काय घालावं

पाळधी सोडून एरंडोलकडे निघालं की हायवेच्या कडेला एक चहाची टपरी लागते. सायकलची जर्सी घालून पहिल्यांदा तिथे थांबलो, तेव्हा बाकावर बसलेल्या एका बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय भो, सर्कसमा चालना का?" सगळी टपरी हसली, मीही हसलो. मग बाबांनी जवळ बोलावलं. माझी बाही चिमटीत धरली, बोंडातला कापूस ओढून धागा बघतात तशी जरा ताणली आणि निकाल दिला, "हाई ते पॉलिस्टर शे. आपला कापूस काय वाईट शे का?"

बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता. जून तोंडावर आला की ज्या मुलखात घरोघरी कापसाच्या बियाण्यावर वाद रंगतात, तिथल्या माणसाने भर उन्हाळ्यात अंगात प्लास्टिकचा धागा का चढवावा? सुती कपडा थंड आणि पॉलिएस्टर गरम, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते खोटंही नाही. फक्त ते ओट्यावर बसलेल्या माणसाला लागू पडतं, पायडल मारणाऱ्याला नाही.

पायडल मारणाऱ्या शरीरात काय चालतं ते आधी बघू. आपण जेवढी ऊर्जा खर्च करतो, त्यातली साधारण २० ते २५ टक्केच चाकापर्यंत पोहोचते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. बऱ्यापैकी वेगाने जाणारा माणूस पायडलवर १५० वॅट लावत असेल, तर त्याच वेळी त्याच्या अंगात साडेचारशे ते सहाशे वॅट उष्णता तयार होत असते. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या हिशेबात सांगायचं तर आठ-नऊ बल्ब पोटात पेटवून आपण जळगावच्या मेहरूण तलावाला चकरा मारत असतो.

ही उष्णता बाहेर टाकायचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात लिटरभर वाळला, तर साडेसहाशे वॅटहून थोडी जास्तच उष्णता गेली. म्हणजे वरचा सगळा हिशेब तिथे फिटतो. अट एकच, घाम वाळला पाहिजे. नाकावरून टपकून हँडलवर पडलेला घाम फुकट गेला. बनियनमध्ये मुरून बसलेला घामही जवळपास फुकटच.

हे आपल्याला समजावून सांगायला विज्ञानाचं पुस्तक लागत नाही, घरात माठ आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगाला येऊन वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. तेच पाणी चिनी मातीच्या बरणीत ठेवा, गार होणार नाही, कारण बरणी पाझरत नाही. आणि माठाचं दुसरं गुपित आपल्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असतं: मे महिन्यात दात ठणकतील इतकं गार पाणी देणारा माठ ऑगस्टमध्ये कोमट पाणी देतो. माठ तोच असतो, हवा दमट झालेली असते. जर्सी म्हणजे या माठाची भिंत. हवा बदलली की भिंत कशी हवी हेही बदलतं, आणि जर्सी निवडणं म्हणजे एवढंच ओळखणं.

आता बाबांच्या कापसाकडे येऊ. कापसाचा तंतू पाणी पितो. साध्या हवेतल्या ओलाव्यातलंच तो स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी आत घेऊन बसतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. घाम आला की कापूस तो तंतूच्या आत ओढतो, फुगतो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरच्या तंतूला पाणी आत घेताच येत नाही, म्हणून ते दोन तंतूंमधल्या फटींतून पसरत राहतं. चांगल्या जर्सीच्या धाग्यात मुद्दाम बारीक खाचा ठेवलेल्या असतात. त्या खाचांतून घाम कातडीपासून बाहेरच्या बाजूला ओढला जातो, रुपयाएवढा थेंब तळहाताएवढा पसरतो आणि पसरला की झटपट वाळतो. (दिव्याची वात तेल वर ओढते ते याच तत्त्वावर, आणि वात कापसाचीच असते, हे मला मान्य आहे. ओढण्यात कापूस मागे नाही. ओढलेलं सोडत नाही, ही त्याची अडचण.)

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत अर्धा-पाऊण तास आरामात सायकल चालवायची असेल, तर ढगळ सुती सदरा काही वाईट नाही. गळ्यात ओला सुती रुमाल तर कुठल्याही महागड्या कपड्याला भारी पडतो. कापूस पाणी धरून ठेवतो, तो हळूहळू वाळतो आणि मानेला बराच वेळ गारवा देतो. कापूस बिघडवतो ते दोन-तीन तासांच्या राइडला. बगलेत घासतं, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात आणि थंडीत तर तो सरळ दगा देतो. त्या दग्याची गोष्ट पुढे येईल.

उन्हाळा: जाळीच्या मोहात पडू नका

पुण्या-मुंबईचे सायकलवाले, आणि युरोपातल्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ, उन्हाळ्यासाठी एकच सल्ला देतात: जितकी पातळ, जितकी जाळीदार तितकी चांगली. मीही त्या सल्ल्यावर एक पांढरी जाळीची जर्सी घेतली होती. हातात धरली तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यायचं. मे महिन्यात सकाळी सहाला निघालो, एरंडोलजवळच्या पद्मालयाला जाऊन रमतगमत परतेपर्यंत साडेदहा वाजले. घरी येऊन आरशात पाहिलं तर खांद्यांवर आणि पाठीवर जाळीची नक्षी लालभडक उमटलेली. आठवडाभर पाठ टेकून झोपता आलं नाही.

सल्ला ज्यांनी दिला त्यांच्या गावी तो बरोबरच आहे. तिथे हवा दमट असते, ऊन आपल्याएवढं नसतं, आणि हवेचा पारा कातडीच्या तापमानापेक्षा खाली असतो. कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर सायकलवर लागणारा वारा अंगातली उष्णता पळवतो. पण जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जाणारा. मेमध्ये सकाळी दहालाच हवा कातडीपेक्षा गरम झालेली असते. मग तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. आपण त्याला झळा म्हणतो ते उगीच नाही. उरतो तो एकच मार्ग, घाम वाळणं. त्याची मात्र आपल्याकडे चैन आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. घाम आलेला कळतही नाही, इतक्या लवकर उडून जातो. त्यामुळे घाम वाळवायला जाळी हवी हा आपला प्रश्नच नाही. आपला प्रश्न आहे ऊन.

उन्हाचं मोजमाप कपड्याच्या लेबलवर यूपीएफ या अक्षरांनी दिलेलं असतं. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. पातळ पांढऱ्या सुती टीशर्टचा यूपीएफ पाचच्या आसपास भरतो, म्हणजे पाचवा हिस्सा आत, आणि तो ओला झाला की आणखी घसरतो. कपडा ताणला तरी घसरतो, कारण विणीतली भोकं मोठी होतात. म्हणून अंगाला अति घट्ट बसणारी जर्सी खांद्यांवर ताणली जाते, नेमकी जिथे ऊन थेट पडतं तिथेच.

तेव्हा मार्च ते मध्य जूनपर्यंत माझी पसंती ठरलेली आहे: फिकट रंगाची, दाट विणीची पण हलकी, पूर्ण बाह्यांची जर्सी. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅमचं. उन्हाळ्यासाठी ११० ते १३०च्या आसपासचं बघावं. जाळी हवीच असेल तर ती बगलेखाली आणि कुशीला असावी, जिथे ऊन पोहोचत नाही. कॉलर मान झाकेल इतकी उंच, आणि चेन गळ्यापासून कमरेपर्यंत पूर्ण उघडणारी. चढावर ती उघडता येते, आणि घामेजलेली जर्सी डोक्यावरून ओढून काढायची कसरत वाचते. पूर्ण बाह्या नको असतील तर अर्ध्या बाह्यांच्या जर्सीखाली हातमोज्यासारख्या सुट्या बाह्या चढवाव्यात. बाटलीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं की हातांचे दोन माठ होतात. जळगावच्या हवेत ते दहा-पंधरा मिनिटांत वाळतात, पुन्हा ओतायचं.

पूर्ण बाह्या म्हटलं की नवीन पोरं तोंड वाकडं करतात. "भाऊ, एवढ्या उकाड्यात फुल बाही?" त्यांना मी शेताकडे बघायला सांगतो. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवून, डोक्याला रुमाल घट्ट बांधून शेतात राबणाऱ्या बायका काही फॅशन म्हणून तसं करत नाहीत. आपल्या ऊन्हात उघडं अंग गरम होतं, झाकलेलं नाही, हे त्यांना आपल्या आधी कळलेलं आहे.

आणि एक गोष्ट कुठलीच जर्सी करत नाही. घाम यायचा थांबला, डोकं गरगरायला लागलं, मळमळलं, तर राइड तिथेच संपली. सावली, पाणी, आणि कुणाला तरी फोन. एप्रिलनंतर मी नऊच्या आत घरी असतो. पद्मालयाच्या त्या साडेदहाचा धडा पुरेसा होता.

पावसाळा: माठ रुसलेला असतो

जुलै लागला की गणित उलटतं. ऊन ढगाआड, हवा दमट, घाम येतो पण उडत नाही. आता जाळीवाल्यांचा सल्ला आपल्याला लागू होतो. तीच पांढरी जाळीची जर्सी, जिने मेमध्ये पाठ भाजली, ती मी आता बाहेर काढतो. पातळ, जाळीदार, अंगालगत बसणारी असली की घामाला पसरायला जागा मिळते आणि वाऱ्याला आत शिरायला वाट.

मोठा घोळ रेनकोटाचा. पूर्ण जलरोधक जाकीट घातलं की तासाभराने माणूस आतूनच भिजलेला असतो. मग तो जाकिटाला शिव्या देतो की पाणी गळतं. बहुतेक वेळा पाणी गळलेलं नसतं, तो स्वतःचाच घाम असतो. जाकिटाच्या लेबलवर दोन आकडे असतात. पहिला, समजा १०,००० मिलिमीटर, म्हणजे कापड दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब झेलतं. दुसरा, समजा १०,००० ग्रॅम, म्हणजे एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत इतकी वाफ बाहेर जाऊ शकते. भागाकार करून बघा: तासाला चारशे ग्रॅमच्या थोडं वर, तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. आणि सायकलवाला तासाला लिटरभर घाम गाळतोय. हिशेब जमणारच नाही.

म्हणून सपाटीवरच्या पावसात मी रेनकोट घालतच नाही. पाऊसही कोमट, हवाही कोमट. भिजावं, आणि लवकर वाळणारी जर्सी घालून पुढे जावं. फोन आणि पैसे प्लास्टिकच्या पिशवीत. घाट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चाळीसगावहून कन्नड घाट चढून पुन्हा उतरायचं, तर मुठीत मावणारं पातळ विंडचीटर मागच्या खिशात हवंच, कारण ओल्या अंगाने उतार लागला की भर श्रावणातही दात वाजतात.

रंगाबद्दल: पावसात पांढरी जर्सी काळ्या मातीत न्यायची तर मागे मडगार्ड लावा, नाहीतर पाठीच्या कण्यावर काळी रेघ उमटते आणि ती रेघ कुठल्याच साबणाला दाद देत नाही. माझ्या त्या जाळीच्या जर्सीवर असा अख्खा वेरूळ रस्ता कोरलेला आहे.

हिवाळा: एकाच सकाळी दोन ऋतू

धुळ्या-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि त्याच दिवशी अकरा वाजता तो तिशीकडे निघालेला असतो. शिवाय सायकल स्वतःच वारा तयार करते. दहा अंशांच्या हवेत ताशी २५ किलोमीटरने निघालं की उघड्या कातडीला साधारण सात अंशांसारखं वाटतं. उतारावर ४० गाठले की सहा. पहाटे सहाला हुडहुडी आणि साडेनवाला घामाच्या धारा, यावर एकच जाड जर्सी हे उत्तर होत नाही.

बाजारात थर्मल नावाने जर्सी मिळते. आतून ब्रश मारून मऊ केलेलं, दोनशे जीएसएमच्या पुढचं कापड. उबदार असते, पण आपल्याकडे ती वर्षातून जेमतेम काही आठवडे, तेही सकाळी नऊपर्यंत चालते. नंतर ती अंगातली भट्टी. त्यापेक्षा उन्हाळ्याचीच साधी जर्सी, त्यावर सुट्या जाड बाह्या आणि बिनबाह्यांचं विंडचीटर, म्हणजे बंडीच, घ्यावं. छातीवर वारा लागला नाही की निम्मी थंडी गेली. ऊन वर आलं की बाह्या उतरवून खिशात आणि बंडी दुसऱ्या खिशात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, असा जुना ठोकताळा आहे. घराच्या फाटकातच उबदार वाटलं तर दोन किलोमीटरवर थांबून कपडे काढावे लागतील.

आता दग्याची गोष्ट. जानेवारीत शहाद्याहून तोरणमाळला गेलो होतो. तापीच्या खोऱ्यातून निघायचं आणि अकराशे मीटरहून उंच पठारावर पोहोचायचं. घाटाची वळणं चढताना एवढा घाम निघाला की थंडी कुठे गेली कळलं नाही. वर यशवंत तलावाच्या काठावर थांबलो, फोटो काढले, चहा झाला. आणि दहा मिनिटांत मी पानासारखा थरथरायला लागलो. माझी जर्सी तोवर निम्मी वाळली होती. ओलं होतं ते आतलं सुती बनियन. सवयीने घातलेलं, रोज शर्टाखाली घालतो तसं. हजार-दीड हजाराच्या जर्सीखाली ऐंशी रुपयांचं बनियन घालून मी तिची सगळी कामगिरी मातीत घातली होती. घाम आधी बनियनने पिऊन टाकला आणि बर्फाच्या फडक्यासारखा छातीला लावून ठेवला. जर्सीपर्यंत तो पोहोचलाच नाही.

चहावाल्याने माझी अवस्था पाहिली आणि न विचारता कालचा पेपर पुढे केला. मी बनियन काढलं, पिळलं, पिशवीत टाकलं. पेपराच्या दोन घड्या जर्सीच्या आत छातीवर सरकवल्या आणि चेन लावली. युरोपातले स्पर्धक घाट उतरताना फार पूर्वीपासून हेच करतात. कागद वारा अडवतो आणि थोडा ओलावा शोषतो, बस. खाली पोहोचेपर्यंत मथळ्यांची शाई पोटावर उमटली होती, पण थरथर थांबली होती.

तेव्हा जर्सीच्या आत काही घालायचंच असेल तर सिंथेटिक जाळीचं किंवा मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचं. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि तिला वासही कमी येतो. आज उलटं वाटेल, पण सायकलच्या जर्सीची सुरुवात लोकरीनेच झाली. १९१९ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत आघाडीवरच्या स्पर्धकाला पहिल्यांदा पिवळी जर्सी मिळाली, तीही लोकरीचीच. रंग पिवळा, कारण स्पर्धा भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. भर उन्हाळ्यात फ्रान्सचे घाट लोकर घालून चढणाऱ्या त्या माणसांची मला दया येते.

कोण कसं चालवतं

अंगाला चिकटणारी रेस जर्सी कुणाला हवी? हवेचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. ताशी तीसच्या पुढे नेहमी चालवणाऱ्याला फडफडणारा कपडा खरोखर महागात पडतो. ताशी अठराने गप्पा मारत जाणाऱ्याला तो काहीच करत नाही. आपल्यातले बहुतेक दुसऱ्या गटातले, आणि आपलं पोटही दुसऱ्याच गटातलं. अशांसाठी क्लब फिट नावाची जरा सैल जर्सी असते. ती घेण्यात कमीपणा नाही.

दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेवेवाल्यांचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणाऱ्यांचं, दुखणं वेगळं. दोनशेला साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. एवढ्या वेळात तीन ऋतू अंगावरून जातात, म्हणून त्यांना खिसे लागतात, भरपूर आणि न लोंबणारे. पाठीवर तीन आणि चेनवाला चौथा हवा. शिलाई सपाट हवी, नाहीतर शंभर किलोमीटरनंतर एकेक टाका मोजता येतो. रात्रीसाठी परावर्तक जाकीट तर नियमानेच लागतं. इथे एक गैरसमज दूर करतो: भडक पोपटी रंग रात्री उपयोगाचा नाही. असे रंग उन्हातल्या अतिनील किरणांचं दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करतात, म्हणून दिवसा आणि झुंजुमुंजूला डोळ्यात भरतात. ट्रकच्या हेडलाइटमध्ये ती जादू चालत नाही. तिथे रुपेरी परावर्तक पट्टीच हवी, आणि ती पाठीइतकीच घोट्यांवर हवी. वरखाली हलणारे दोन ठिपके पाहिले की ड्रायव्हरला लगेच कळतं की हा माणूस आहे. केळीचे ट्रक पहाटे कसे पळतात हे रावेर-सावद्याकडच्यांना सांगायला नको.

पाटाच्या कडेने, सातपुड्याच्या पायथ्याने माउंटन बाइक फिरवणाऱ्यांनी नाजूक जाळी घेऊच नये. बाभळीची एक फांदी आणि जर्सीची चाळणी. त्यांना जाड, सैल, कोपरापर्यंत बाह्यांची जर्सी बरी. त्यांचं पाणी पाठीवरच्या पिशवीत असतं, त्यामुळे मागचे खिसे नसले तरी चालतात. आणि पाच किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्याने साधा ड्रायफिट, म्हणजे लवकर वाळणाऱ्या पॉलिएस्टरचा, टीशर्ट घालावा, तिथे पोहोचून शर्ट बदलावा. त्याला जर्सीची गरज नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी पॅड असलेली शॉर्ट घ्या, जर्सी नंतर. जर्सीवाचून माणूस घामेजतो, पॅडवाचून तो दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसत नाही.

बायकांनी लहान मापाची पुरुषी जर्सी घेऊन भागवू नये, खांदे उतरतात आणि कमरेला ताणते. बायकांसाठी बेतलेला वेगळा कट मिळतो. माझी बहीण गावातून जाताना नको वाटतं म्हणून लांब, सैल जर्सी घेते, तिला ती बरी पडते.

दुकानात काय करायचं

आरशासमोर ताठ उभं राहून जर्सी बघू नका. ती उभ्या माणसासाठी शिवलेलीच नसते. पुढून आखूड आणि मागून लांब असते. गुडघ्यात जरा वाका, हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करा. आता पाठ झाकलेली आहे का, पोटावर चुण्या पडत नाहीत ना, काखेत काचत नाही ना, ते बघा. उभ्याने किंचित घट्ट आणि वाकल्यावर बरोबर, असं माप योग्य. परदेशी मापांवर विसंबू नका, छातीभोवती टेप धरा.

मग कापड उजेडाकडे धरा आणि मागे हात ठेवा. बोटं मोजता आली तर ती जर्सी पावसाळ्याची. नुसती सावली दिसली तर उन्हाळ्याला चालेल. त्यानंतर, दुकानदार ओळखीचा असेल तर, आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर ते स्वस्त पॉलिएस्टर, घाम अंगावरच ठेवणार. झरकन पसरला आणि बाहेरच्या बाजूला ओल दिसली, तर घ्या. शेवटी मागच्या खिशात फोन आणि दोन केळी घालून चार उड्या मारा. केळी आपल्याकडे असणारच. खिसा पाठीवर खाली-वर नाचला तर रस्त्यावरही नाचेल. (केळी मधल्या खिशात ठेवू नयेत. मेमध्ये पाठीच्या उष्णतेने तासाभरात शिकरण होतं.)

ग्रुपच्या जर्सीबद्दल दोन शब्द. एका स्पर्धेत मला फुकट मिळालेली जर्सी चकचकीत होती आणि छातीवर ताटाएवढा रबरी लोगो. पहिल्याच राइडला लोगोच्या मागे घामाचं तळं साचलं. रबरी किंवा प्लास्टिकचा छाप म्हणजे माठाला दिलेला ऑइलपेंट. ग्रुपसाठी जर्सी शिवून घेणार असाल तर सब्लिमेशनची छपाई मागा. त्यात दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते, वर थर बसत नाही, हात फिरवला तर छपाई जाणवतच नाही. ही छपाई फक्त पॉलिएस्टरवर आणि फिकट कापडावरच नीट उठते. सहाशे-सातशे रुपयांतही अशी जर्सी होते. प्रायोजकांची नावं कितीही टाका, कापड श्वास घेत राहतं.

राहिलं धुणं. जर्सी उलटी करून, चेन लावून, साध्या पाण्यात आणि थोड्या साबणात धुवायची. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य अजिबात नको. ते धाग्यावर मेणासारखा थर देतं आणि घाम पसरणं बंद होतं. गरम पाणी आणि इस्त्रीही नको, ताण देणारा स्पॅन्डेक्सचा धागा त्याने मरतो. राइडवरून आल्या आल्या धुतली नाही तर पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास कायमचा घर करतो. तेव्हा निदान पाण्यातून तरी काढावी. आणि वाळत घालायची सावलीत. आमच्याकडे आईने माझी नवी जर्सी पापडांच्या शेजारी गच्चीवर भर उन्हात टाकली होती. संध्याकाळपर्यंत दोन्ही कडक झाले होते.